स्वतःची नजर सापडते कशी? (निमित्त: माशेलच्या चिखलात झालेली फजिती)

फेरीवाला | १५ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आधी फजिती सांगतो, मग प्रश्न.

गोव्यातल्या आमच्या माशेलचा चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, झाला. दरवर्षीप्रमाणे देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात मी सकाळपासून ठाण मांडून होतो. पाऊस, तेल चोपडलेली अंगं, चिखलात लोळणारी पोरं आणि पोरांपेक्षा जास्त कॅमेरे. रविवारी आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या कंपूने सगळ्यांचे फोटो एकत्र करून पडद्यावर दाखवले, नावं न लावता. एक फ्रेम आली. चिखलाने माखलेला म्हातारा, हात जोडलेले, डोळे मिटलेले, मागे पोरांची धूसर झुंबड. मी शेजारच्याला कोपराने ढोसलं, "हा आपला!" तो म्हणाला, "आपला कसला, माझा आहे तो." फाइलचा तपशील उघडला. खरंच त्याचा होता. माझा पुढच्या दोन फोटोंनंतर आला. तोच म्हातारा, तेच हात. माझ्यात फक्त डावीकडून कुणाची तरी छत्री घुसलेली.

सगळे हसले, मीही हसलो. परतताना फेरीबोटीत मात्र ते हसू उतरलं. (मी चोडणचा. नोकरी पणजीत, रोज रायबंदरची फेरी. आयडीवर कोटी करायची असल्यास करून घ्या, सवय आहे.)

अकरा वर्षं फोटो काढतोय. सलीम अली अभयारण्य घरापासून सायकलच्या अंतरावर, म्हणून पक्ष्यांसाठी कर्ज काढून १५०-६०० ची मोठी लेन्स घेतली. खंड्याचे इतके फोटो आहेत की आता खंड्याच मला ओळखत असेल. रूल ऑफ थर्ड्स (मुख्य गोष्ट मधोमध नको, एक तृतीयांशावर हवी), लीडिंग लाइन्स, गोल्डन अवर, सगळं पाठ. स्पर्धांत दोन उत्तेजनार्थ. हार्डडिस्कवर ४१ हजार फोटो. त्यातले कुठलेही दोनशे उचलून दुसऱ्याच्या डिस्कवर टाकले तर त्याला कळणार नाही. आणि आता कळलंय की मलाही कळणार नाही.

तर प्रश्न असा. फोटो बघितल्यावर ‘हा अमक्याचा’ असं वाटायला लावणारी जी काय गोष्ट असते, तिला दृष्टी म्हणा, नजर म्हणा, ती येते कुठून? शिकता येते का? की ज्याला आहे त्याला आहे आणि आम्ही छत्र्या मोजायच्या?

---

सदाशिव_पेठी | १५ जुलै, रात्री ११:०५

फजिती आवडली. वाचनखूण साठवली. अवांतर: पुढच्या महिन्यात गोव्यात येतोय, पावसात सूर्यास्ताचे चांगले स्पॉट कुठले?

---

हळदीचा_कॅमेरा | १६ जुलै, सकाळी ७:५०

सदाशिवराव, पावसात सूर्यच दिसत नाही, अस्त कसला बघणार?

फेरीवाला, तुझा प्रश्न पोट भरलेल्या माणसाचा आहे. हलकेच घे. मी लग्नं करतो. म्हणजे लग्नांचे फोटो काढतो. वर्षाला तीस-पस्तीस. नवरामुलगा पहिल्याच भेटीत मोबाइल पुढे करतो, "असा पाहिजे." राजस्थानातल्या कुठल्यातरी वाड्यातला फोटो असतो. माझ्याकडे आहे म्हार्दोळचा हॉल आणि ट्यूबलाइट. तरी तसाच काढून देतो, कारण हप्ते आहेत. प्री-वेडिंगला पणजीच्या फोंताइन्हासमधली पिवळी भिंत, निळी भिंत, पर्र्याचा माडांचा रस्ता. त्या रस्त्यावर मी स्वतः लाइनीत उभा राहिलोय. पुढे तीन जोडपी, मागे दोन. फोंताइन्हासमधल्या लोकांनी वैतागून दारांवर ‘फोटो काढू नये’च्या पाट्या लावल्यात आणि ते बरोबर आहे. कुणी माझ्या पायरीवर रोज उठून पदर उडवत बसलं तर मीही लावीन.

तर सांगायचं काय, की माझी नजर आहे का नाही हे मला कोणी विचारलेलंच नाही. गिऱ्हाइकाला त्याच्या भावाच्या लग्नासारखा अल्बम पाहिजे, फक्त दोन पानं जास्त. आकाश थोडं हिरवट निळं, कातडी थोडी नारिंगी. एक प्रीसेट, एक क्लिक, तीनशे फोटो. घरी येऊन जेवतो. झोपतो.

आणि कोणी ‘हौस म्हणून वेगळं काढ की’ असं सांगायला येऊ नका. आचाऱ्याला सुट्टीच्या दिवशी घरी स्वयंपाक करायला सांगून बघा.

---

लालदिवा | १६ जुलै, दुपारी ३:१५

हळदीवाले म्हणतात ते मी एकतीस वर्षं जगलोय. मडगावला स्टुडिओ होता. पासपोर्ट, बारसं, लग्न, मयत. हो, मयतसुद्धा. पूर्वी घरचे बोलवायचे, शेवटचा फोटो पाहिजे म्हणून. त्यामुळे त्यांच्याशी भांडण नाही.

फेरीवाला भाऊ, तुमच्या प्रश्नात मला एक गोम दिसते. तुम्ही नजर शोधताय ती चांगल्या फोटोंत. तिथे ती सापडायची नाही. कारण सांगतो.

रोलचे दिवस आठवा. ३५ एमएमच्या रोलमध्ये छत्तीस फोटो, मोठ्या १२० च्या रोलवर चौकोनी बारा. रोल धुतला की पट्ट्या कापायच्या, कागदावर ओळीने मांडायच्या, वर काच दाबायची आणि दिवा मारायचा. कॉन्टॅक्ट शीट. सगळे छत्तीस एका कागदावर, टपाल तिकिटापेक्षा थोडे मोठे. भिंगातून बघत लाल पेन्सिलने एखाद्याभोवती चौकट करायची. पण बाकीचे पस्तीस त्याच कागदावर राहायचे! डोळा मिटलेली करवली, हललेला हात, मुद्दाम न काढलेला मांडवाचा खांब. सगळं कायम समोर. तुमच्या डिजिटलमध्ये नापास झालेला फोटो दिसेनासा होतो. चार तारेवाले तेवढे वर येतात.

आणि तारे कोणाला देतो आपण? जो फोटो आधी कुठेतरी बघितलेल्या, वाहवा झालेल्या फोटोसारखा दिसतो त्याला. म्हणजे निवड करताना डोळा आपला, नजर उधारीची. मग तुमचे चार तारे आणि शेजाऱ्याचे चार तारे सारखेच निघणार. त्यात तुमचा दोष नाही. दोघांनी एकाच दुकानातून तारे आणलेत.

म्हणून एक करून बघा. कधीच कुणाला न दाखवलेले, एकही तारा नसलेले शंभरेक फोटो काढा. पुसायचे राहून गेलेले. मोबाइलमधलेही घ्या. साध्या ४ बाय ६ च्या प्रिंट मारून आणा. पडद्यावर चालणार नाही, प्रिंटच पाहिजे. जमिनीवर पसरा. तारीख, ठिकाण काही लिहू नका. आणि आठवडाभर राहू द्या, येता-जाता दिसतील असे.

माझे स्वतःचे नापास मला बघता आले नाहीत. स्टुडिओ बंद करून निगेटिव्हचे खोके घरी आणले, लाकडी माळ्यावर ठेवले, आणि तीन पावसाळ्यांनी उघडले तर वाळवी आणि बुरशी दोघींनी वाटून घेतलं होतं. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची सगळी लग्नं गेली. ज्यांची लग्नं होती त्यांच्याकडे अल्बम आहेत. माझ्याकडे पस्तीस होते, ते गेले.

---

वळेसर | १६ जुलै, रात्री ९:३०

लालदिवा काका, शेवटचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ.

मी फोंड्याला शिक्षिका आहे. कॅमेरा नाही, मोबाइलच. त्यामुळे ‘तुम्ही फोटोग्राफर का?’ विचारलं की नाही म्हणते. पण दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक प्रयोग केला होता.

त्याचं मूळ लोटलीला. आईच्या एका मैत्रिणीचं जुनं घर आहे, शिंपल्यांच्या खिडक्यांचं. इकडच्यांना माहीत आहेत, बाहेरच्यांसाठी सांगते. काचेच्या जागी चपटे, अर्धपारदर्शक शिंपले तासून लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात, तळहाताहून लहान चौकोन. बाहेर भर दुपार होती आणि आत उजेड कसा, तर तांदळाच्या पेजेसारखा. सावलीला कडाच नाही. मावशी खुर्चीत बसून मटार सोलत होत्या आणि त्यांच्या गालावरची प्रत्येक सुरकुती दिसत होती, पण एकही टोचत नव्हती. मी चाळीसेक फोटो काढले. घरी येऊन बघते तर सगळे खिडकीचे. मावशी एकातही धड नाहीत. फार वाईट वाटलं. त्यांनी आवर्जून चांगली साडी नेसली होती हो.

मग ठरवलं, आपल्याच स्वयंपाकघराच्या खिडकीचा रोज एक फोटो. सकाळी सातला, चहा उकळेपर्यंत. साठ दिवस. पहिले दहा दिवस हौस. गजांवर थेंब, काचेवर वाफ, सगळं काढून झालं. अकराव्या दिवसापासून जो कंटाळा आला! तीच खिडकी, तेच गज, पलीकडे शेजाऱ्यांच्या भिंतीवर ओल. विसाव्या दिवशी चिडून, न बघता काढला. आणि गंमत म्हणजे आज बघताना तिथपासूनचेच बघवतात. आधीचे दहा कुठेतरी बघितल्यासारखे वाटतात. पंचविसाव्या दिवसानंतर भिंतीवरची ओल कशी सरकत वर चढत गेली ते दिसायला लागलं. ते मी ठरवून काढलेलं नव्हतं.

योसेफ सुडेक म्हणून प्रागचे एक छायाचित्रकार होते. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तरी जड जुना कॅमेरा घेऊन फिरायचे. १९४० पासून १९५४ पर्यंत त्यांनी आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. चौदा वर्षं, एक खिडकी! बाहेर आधी जर्मन फौजा, नंतर दुसरी राजवट, आणि काचेवर दव, पलीकडे एक वाकडं झाड. मी साठ दिवसांत रडकुंडीला आले होते.

---

गेरू | १७ जुलै, सकाळी ११:२०

चित्रकार आहे, म्हापशाला असतो. थोडं खडबडीत बोलतो, राग नसावा.

‘दृष्टी’ हा शब्द फार मोठा केलाय आपण. फेरीवाला विचारतोय ते साधं आहे: माझा फोटो माझा कसा दिसेल? त्याला लोक दोन उत्तरं देतात आणि दोन्ही आळशी. एक, स्टाइल पकड. सगळं कृष्णधवल कर, नाहीतर सगळं वाकडं धर. दुसरं, विषय पकड. कोणी दारं काढतो, कोणी साधू.

विषय म्हणजे नजर नव्हे. गोव्याला शंभरावर किलोमीटर किनारा आहे आणि संध्याकाळी साडेसहाला त्याच्या प्रत्येक वावभर वाळूवर कोणीतरी मोबाइल धरून उभा असतो. सगळ्यांचा विषय समुद्र. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतोचाही विषय समुद्रच. १९८० पासून जगभरचे समुद्र काढतोय. क्षितिज बरोबर मधोमध, वर अर्धं आकाश, खाली अर्धं पाणी. होडी नाही, पक्षी नाही, सूर्यास्त नाही, माणूस नाही. कृष्णधवल. रूल ऑफ थर्ड्सवाल्याने बघितलं तर पहिल्या फेरीत बाद करील. त्याने स्वतःला विचारलेला प्रश्न असा की अगदी आदिम माणसाने जे बघितलं तेच आज मला बघता येईल का. जमिनीवरचं सगळं बदललंय, समुद्र तेवढा तसाच आहे. प्रश्न असा असला की काय टाकायचं ते आपोआप ठरतं. होडी टाकली कारण होडीला साल असतं.

आपल्याकडे वासुदेव गायतोंडे बघा. मूळ गोव्याचं घराणं. वर्षाला मोजकीच चित्रं. बाकीचा वेळ? बसून राहायचे. आता ही मात्रा लग्नाच्या फोटोग्राफरला देऊ नये एवढं मलाही कळतं.

वळेसरताई, तुम्ही मटार सोलणाऱ्या मावशी सोडून खिडकी काढलीत त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हात आपोआप गेला तिकडे. आता हात का गेला ते बघा. उजेड आवडला म्हणून, की त्या घरात मावशींकडे थेट बघवत नव्हतं म्हणून?

---

वळेसर | १७ जुलै, दुपारी १:०२

गेरू, तुम्ही खडबडीत बोलता हे खरं आहे. त्या वर्षी मावशींचे यजमान गेले होते.

---

हळदीचा_कॅमेरा | १७ जुलै, दुपारी १:४०

म्हणजे सुगिमोतोला होडी काढून टाकायची मुभा आहे. मी नवऱ्याच्या आत्याला फ्रेममधून काढून टाकलं तर पैसे मिळतील का?

---

सदाशिव_पेठी | १७ जुलै, दुपारी २:१०

+१. आणि ते स्पॉटचं राहिलं.

---

राखणदार | १७ जुलै, संध्याकाळी ६:००

धागा भरकटू देऊ नये ही विनंती. पर्यटनासाठी वेगळा विभाग आहे. आत्यांसाठी नाही.

---

फेरीवाला | २८ जुलै, रात्री ११:२५

उशीर झाला, पण काकांनी सांगितलं ते केलं. आणि फारसं काही हाती लागलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एकशेबारा प्रिंट मारल्या. दुकानदाराने दोनदा विचारलं, "हेच छापायचे ना? फोकस नाहीये." हो म्हटलं. हॉलमध्ये जमिनीवर पसरल्या. पंखा लावला की उडायच्या, म्हणून प्रत्येक ओळीवर आईच्या सुपाऱ्या ठेवल्या. त्यावरून एक वेगळं महाभारत झालं. दोन दिवस वीज आली-गेली करत होती, तेव्हा मेणबत्ती घेऊन बघत बसलो. मुलीला वाटलं बाबांचं काहीतरी बिनसलंय.

काय काय निघालं सांगतो. खंड्याचे सुमारे तीस, म्हणजे खंड्याचे नव्हेत, मी शटर दाबेपर्यंत तो उडालेला, नुसती फांदी. चिखलकालोचे पंधरा, लोक घरी गेल्यावरचे; मैदानात पायांचे खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी. दिवाळीतले आठ, नरकासुर जाळल्यानंतर सकाळचे. रस्त्यावर बांबूचा सांगाडा, तारा, अर्धवट जळलेला कागदी दात. बाकी बहुतेक मोबाइलमधले, फेरीतले. ते मी फोटोग्राफीत धरतच नव्हतो. रोज सकाळी गर्दी उतरेपर्यंत मागे थांबतो मी. फेरी काठाला लागायच्या आधीच सगळे स्कूटरी सुरू करून बसलेले असतात, फळी खाली आदळली की एकदम सुटतात, त्यात कोण घुसणार? मग ते गेले की उरतं ओलं डेक, तेलाचा इंद्रधनुषी डाग, चाकांचे पट्टे. एकात रबरी चप्पल आहे. एकात कोणाची तरी पावाची पिशवी, पाव बाहेर आलेले. खलाशाला ते लक्षात आलं तेव्हा मालक रायबंदरच्या चढावर पोचलाही होता.

तर एवढंच. चुकलेले फोटो चुकलेलेच दिसतात. बायको बघून म्हणाली, "एवढे पैसे घालून रिकाम्या फांद्या छापून आणल्यात? तुमचं नेहमीचंच. लग्नातसुद्धा तुम्ही मंगलाष्टकं संपल्यावर हॉलवर पोचता."

आता त्या सुपाऱ्या उचलून ठेवतो, नाहीतर मलाच उचलतील.

---

लालदिवा | २९ जुलै, सकाळी ६:४०

वहिनींनी सांगितलंय ते परत वाचा. सावकाश.

---

फेरीवाला | २९ जुलै, सकाळी ८:१२

फेरीत वाचतोय. लग्नाला उशिरा पोचतो ते खरं आहे, पण त्याचा इथे काय संबंध?

---

लालदिवा | २९ जुलै, सकाळी ९:३०

अहो, तीस फांद्या, पंधरा खड्डे, जळलेला दात, चप्पल, पाव. सगळीकडे कोणीतरी आत्ताच गेलंय. अकरा वर्षं, चार वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या कॅमेऱ्यांनी. पाचशे जण खंड्याच्या मागे आहेत. खंड्या गेल्यावर शटर दाबून तो फोटो न पुसणारा मला तरी दुसरा माहीत नाही. तुम्ही पुसले का नाहीत? ४१ हजारांत जागा कमी होती म्हणून तरी पुसायला हवे होते.

फांदी हललेली दिसते का त्यात? शटर किती होतं?

---

फेरीवाला | २९ जुलै, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत घरी फोन करून मुलीला ढीग बघायला लावला. पाच-सहांत फांदीचं टोक धूसर आहे, बाकी स्वच्छ. ढगाळ असलं की १/५०० सेकंद वगैरेच मिळतं, म्हणून. म्हणजे तो उडाला आणि फांदी अजून हलते आहे.

काका, हे मी चूक म्हणून धरत होतो. उशीर झाला म्हणून.

---

वळेसर | २९ जुलै, दुपारी २:०५

मला ती चप्पल बघायची आहे.

---

गेरू | २९ जुलै, रात्री १०:१५

लालदिवा, तुमच्या डोळ्याला दाद. पण फेरीवाला, आता सांभाळ. उद्यापासून तू रिकाम्या खुर्च्या, रिकामी मैदानं, एकटी चप्पल शोधत फिरशील. महिन्याभरात ‘रिकामेपण’ नावाची मालिका होईल, खाली दोन ओळींची कविता. आजवर हात नकळत जात होता. आता डोळ्याला कळलंय, म्हणजे डोळा हाताला ढकलणार. चित्रकारांचं असंच मातेरं होतं. एक निळा लोकांना आवडतो, आणि मग आयुष्यभर तोच निळा.

---

लालदिवा | ३० जुलै, सकाळी ७:००

गेरू म्हणतात ती भीती खरी आहे, पण कळल्यावर न कळल्यासारखं करता येत नाही.

अॅन्सेल अॅडम्सचं एक सांगतो. १९४१ साली न्यू मेक्सिकोत संध्याकाळी गाडीने जाताना त्याला एक खेडं दिसलं, थडग्यांच्या पांढऱ्या क्रूसांवर शेवटचा उजेड आणि वर चंद्र. धावपळीत लाइटमीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, त्यावरून हिशेब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रूसांवरचा उजेड गेला. हे सगळे सांगतात. पुढचं कमी सांगतात. त्या एका निगेटिव्हच्या प्रिंट तो पुढे कैक वर्षं काढत राहिला, आणि त्या सारख्या नाहीत. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात फिकट ढग आहेत. नंतर नंतर ते आकाश काळंभोर होत गेलं. निगेटिव्ह एकच. त्यालाही एकदम कळलेलं नव्हतं, आपण काय बघितलं ते.

म्हणून घाई नको. एकशेबारा आहेत. त्यातले वीस काढा आणि क्रम लावा. कुठल्या शेजारी कुठला. फांदीशेजारी चप्पल ठेवली की काय होतं आणि दात ठेवला की काय होतं. छायाचित्रणातला २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार ज्यांना मिळाला त्या दयानिता सिंग लाकडाच्या घडीच्या चौकटी बनवून घेतात, त्यात फोटो बसवतात आणि क्रम बदलत राहतात. ‘संग्रहालयं’ म्हणतात त्यांना. तुमच्याकडे सुपाऱ्या आहेत.

---

हळदीचा_कॅमेरा | ३० जुलै, सकाळी ७:३५

मी तीनशे फोटोंचा क्रम दर आठवड्याला लावतो. गणपतीपूजन, हळद, सीमांतपूजन. मला कोणी पुरस्कार देत नाही. (फेरीवाला, चप्पल टाक इथे.)

---

फेरीवाला | १७ ऑगस्ट, रात्री ९:५०

चप्पल टाकली आहे वर, बघा. डावीकडचा काळा भाग म्हणजे माझी छत्री. छत्रीचं आणि माझं काहीतरी आहे.

गेरू, तुम्ही म्हणालात तसंच झालं. पंधरा दिवस रोज फेरीत ‘आत्ताच गेलेलं’ शोधलं. काही सापडत नाही. एक दिवस तर डेकवर मोगऱ्याचं फूल पडलेलं होतं, मी ते पायाने अर्धा फूट सरकवलं. फ्रेममध्ये नीट बसावं म्हणून! खलाशी बघत होता. काय बोलला ते लिहीत नाही, कोकणीत होतं आणि बरोबर होतं. तो फोटो पुसला.

वीसचा क्रम मात्र लावतोय. दाताशेजारी काहीच राहत नाही, त्याला बाहेर ठेवला. फांदी आणि चाकांचे पट्टे शेजारी ठेवले तर दोन्हींत काहीतरी चालू आहे असं वाटतं. चप्पल सगळ्यात शेवटी नको, ते फार होतं. चौथी किंवा पाचवी.

दरम्यान मोठ्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसायला लागलंय. बुरशी. चार महिने कपाटात होती. सिलिका जेल ठेवलं होतं, पण ते गुलाबी झालं होतं आणि मी तव्यावर भाजून परत निळं करायचा आळस केला. गोव्यात जून ते सप्टेंबर लेन्स उघड्या कपाटात ठेवणाऱ्याला काय म्हणावं? आता ड्राय कॅबिनेट घेतोय, चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर ठेवणारं. ज्यांच्याकडे महागडी काच आहे त्यांनी हा परिच्छेद तरी गांभीर्याने घ्या.

---

सदाशिव_पेठी | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मी येऊन गेलो. तीनही दिवस पाऊस. कंटाळून चोडणच्या फेरीत चार फेऱ्या मारल्या, चालत जाणाऱ्याला फुकट आहे म्हणून. फळी आदळते तो आवाज रेकॉर्ड केलाय. सगळे उतरेपर्यंत मागे थांबणारा एक माणूस दिसला, छत्रीवाला. तुम्ही होतात का?

---

फेरीवाला | १८ ऑगस्ट, सकाळी १०:४१

अहो, हाक मारायची ना! घरी नेलं असतं. नीरफणसाच्या कापा आणि चहा.

---

फेरीवाला | ३ सप्टेंबर, रात्री १०:१०

चवथ आटोपली. काल विसर्जन झाल्यावर माटोळी उतरवली.

सदाशिवराव विचारायच्या आधी सांगतो. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली-परसातली फळं, फुलं, पानं बांधतात. सुपारीचे घड, नारळ, तोरंजन, काकड्या, माट्टीची फळं, कांगलां, केळीचा अख्खा घड. पाच दिवस ते सगळं डोक्यावर लोंबत असतं, हळूहळू सुकतं, आणि घरभर वास असतो पिकल्या केळ्यांचा आणि धुपाचा.

आई स्टुलावर चढून गाठी सोडत होती. ती ऐकत नाही, बहात्तर वर्षांची आहे. मी खाली स्टूल धरून. डाव्या हाताने स्टूल, उजव्या हातात मोबाइल. चौकट जवळजवळ रिकामी झाली होती, नुसते सुतळीचे तुकडे. माझ्या आजवरच्या हिशेबाने, आई उतरल्यावर फोटो घ्यायचा. रिकामी चौकट, सुतळ्या, खाली पानांचा कचरा. अगदी माझ्या ढिगातला. पण शटर त्याआधीच दाबलं गेलं. आईचा हात आहे त्यात, कोपरापर्यंत, शेवटच्या तोरंजनावर. गाठ अर्धी सुटलेली. बोटांवर हळद आहे की फळाचा चीक, ते कळत नाही. फोकस हातावर नाही, सुतळीवर आहे.

लालदिवा काका, हा कुठल्या ढिगात टाकू?

---

लालदिवा | ४ सप्टेंबर, सकाळी ६:३५

बघितला. मोठा करूनही बघितला.

आत्ता कुठेच टाकू नका. ट्रेमधून काढलेली ओली प्रिंट नेहमी जास्त चमकदार दिसते, वाळल्यावर एक छटा काळी होते. आम्ही ओल्या प्रिंटवर कधी पेन्सिल चालवायचो नाही. पुढच्या चवथीला परत दाखवा.

त्या फोटोची एक प्रिंट आईंना द्या. आणि स्टूल दोन्ही हातांनी धरत जा.

---

गेरू | ४ सप्टेंबर, सकाळी ९:००

सुतळीवरचा फोकस बदलू नकोस.

---

हळदीचा_कॅमेरा | ४ सप्टेंबर, सकाळी ९:२०

माझ्या आईच्या हातांचा एकही फोटो नाही माझ्याकडे. आज लग्न नाहीये. घरीच आहे.

---

सदाशिव_पेठी | ४ सप्टेंबर, सकाळी ९:४५

तोरंजन म्हणजे पपनस का?

---

वळेसर | ४ सप्टेंबर, सकाळी ९:५२

हो, तेच. सालीचं लोणचं छान होतं. पाककृती वेगळ्या धाग्यात देते, नाहीतर राखणदार येतील.